मापाच्या वहीतले प्राणी

बाबांच्या शिवणाच्या दुकानात मापाची एक जाड, उभ्या पानांची वही असे. छाती, कंबर, बाही, उंची हे आकडे शाईने लिहिलेले असत आणि त्यांच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने एखाददुसरा शब्द असे: ‘डावा खांदा उतरता’, ‘पोक’, ‘पोट पुढे’, ‘मान आखूड’. हे शब्द गिऱ्हाइकाच्या कानावर कधी पडले नाहीत. ते कामाला येत कापड बेतताना. उतरत्या खांद्याखाली कापसाची पातळ गादी बसे, पोक असलेल्या पाठीला अर्धा इंच उंची जास्त मिळे, आणि लग्नाच्या दिवशी तो माणूस चारचौघांत ताठ उभा दिसे. शाळा सुटल्यावर काज करायला बसणारी मी ती वही चोरून वाचत असे. गावातल्या प्रतिष्ठित माणसांची शरीरे कशी आहेत हे मला तिच्यातून कळले. पण त्या शरीरांना हसावे असे मला कधी वाटले नाही, कारण तो पेन्सिलीचा शब्द हसण्यासाठी लिहिलेला नव्हता.

पुढे पुष्कळ वर्षांनी ग्राँव्हिल या फ्रेंच चित्रकाराची चित्रे पाहिली तेव्हा मला आधी ही वहीच आठवली. चित्रात एक पक्षी कोट घालून उभा होता. पाहणाऱ्याची नजर चोचीकडे जावी आणि ओठांवर हसू यावे अशी त्या चित्राची योजना असणार. माझी नजर मात्र खांद्याकडे गेली. पक्ष्याला आपल्यासारखा खांदा नसतो, पंख अंगाला मिटलेला असतो, मग कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कुठे धरायचा आणि बाही कुठून सोडायची, हा प्रश्न ज्याने कधी कापड बेतले आहे त्याला लगेच पडतो. या चित्रकाराला तो पडला होता आणि त्याने तो सोडवलाही होता. कोटाला जिथे चुणी पडायला हवी तिथेच ती पडली होती. कोट त्या पक्ष्याच्या अंगचा होता, दुसऱ्या कुणाचा उसना आणून त्याच्यावर चढवलेला नव्हता. त्या दिवसापासून या माणसाची जी जी चित्रे पाहायला मिळाली ती मी पाहत आले आहे.

त्याचे पूर्ण नाव झाँ-इग्नास-इसिदोर जेरार. लोरेन प्रांतातल्या नान्सी शहरी १३ सप्टेंबर १८०३ रोजी त्याचा जन्म झाला. आजी-आजोबा लोरेनच्या दरबारातले नट होते, आणि त्यांचे रंगभूमीवरचे नाव ‘ग्राँव्हिल’ या नातवाने आपल्या चित्रांखाली घातले. वडील लघुचित्रे काढत. तळहाताएवढ्या जागेत माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवायचा, ही शिस्त त्याला घरातच लागली आणि ती त्याच्या हातातून अखेरपर्यंत सुटली नाही. नटांच्या घराण्यातून वेश आला आणि लघुचित्रकाराच्या घरातून बारकावा आला, असे म्हणण्याचा मोह मला होतो. रक्तातून कला येते यावर माझा फारसा विश्वास नाही, पण लहानपणी घरात कोणती अवजारे पडलेली असतात यावर मात्र आहे.

विशी ओलांडल्यावर तो पॅरिसला आला आणि १८२८-२९ मध्ये त्याची ‘आजकालची रूपांतरे’ ही चित्रमालिका निघाली. शिळाछापावर छापलेली आणि मग हाताने रंगवलेली ही सत्तरएक चित्रे होती. त्यांत माणसांच्या धडांवर प्राण्यांची डोकी आहेत. बैठकीच्या खोल्या, दिवाणखाने, रस्ते, कचेऱ्या हे सगळे त्या काळच्या पॅरिसमधले आहे, आणि त्यांत वावरणारी माणसे मानेपासून वर पक्षी, मासे, किडे, चतुष्पाद आहेत. या एका मालिकेने पंचविशीतला हा तरुण पॅरिसभर प्रसिद्ध झाला.

त्या काळातल्या कपड्यांविषयी थोडे सांगितल्याशिवाय ही चित्रे नीट उलगडत नाहीत. १८३० च्या आगेमागे फ्रान्समधल्या स्त्रियांच्या झग्यांना खांद्यापाशी प्रचंड फुगीर आणि मनगटाशी घट्ट अशी बाही असे. तिला ‘जिगो’ म्हणत, म्हणजे मेंढ्याची मांडी; आकारही तसाच होता. पुरुषांच्या मागे दोन शेपट्या सोडलेल्या कोटाला कॉड माशाचे शेपूट म्हणत, मॅगपाय पक्ष्याचे शेपूट म्हणत. म्हणजे प्राणी माणसांच्या अंगावर आधीच येऊन बसलेले होते, शिंपी त्यांची नावे रोज घेत होते. ग्राँव्हिलने ते शेपूट ज्याचे त्याला परत दिले.

आणि १८२७ साली तर एक प्राणी खरोखरच कोट घालून पॅरिसला आला. इजिप्तच्या मुहम्मद अली याने राजा दहावा चार्ल्स याला भेट म्हणून एक जिराफ पाठवला होता, एक लहान मादी. बोटीने ती मार्सेलला उतरली, हिवाळा तिथेच काढला, आणि २० मे रोजी तिथून निघून ३० जूनपर्यंत सुमारे ८८० किलोमीटर चालत ती पॅरिसला पोचली. प्राणिशास्त्रज्ञ एतिएन ज्यॉफ्रॉय सें-इलेर पंचावन्न वर्षांचे होते. ते तिच्याबरोबर चालले. वाटेत पावसाने तिला बाधू नये म्हणून तिच्यासाठी पाणी न झिरपणारा कोट शिवण्यात आला होता. तो कुणी बेतला, त्या मानेचे माप कसे घेतले, गळा कुठवर वर नेला, हे मला जाणून घ्यावेसे वाटते; इतिहासाच्या पुस्तकांत शिंप्यांना जागा कमी मिळते. पॅरिसमध्ये या जिराफाचे वेड पसरले. तिच्या नावाने स्त्रिया केसांचा उंच अंबाडा बांधू लागल्या. जिराफ कोट घालून चालते आहे आणि बायका जिराफासारखे केस बांधून तिला पाहायला निघाल्या आहेत, असे दृश्य ज्या शहरात एका उन्हाळ्यात घडले त्याच शहरात पुढच्याच वर्षी ‘आजकालची रूपांतरे’ निघू लागली. एकातून दुसरे निघाले असा दावा मी करणार नाही. पण ग्राँव्हिल तेव्हा पॅरिसमध्ये होता आणि त्याला डोळे होते.

प्राणी केवळ कपड्यांत नव्हते, बोलण्यातही होते. त्या काळी पॅरिसमध्ये नटूनथटून फिरणाऱ्या तरुणाला ‘सिंह’ म्हणत. ऑपेराच्या नृत्यशाळेतल्या लहान मुलींना ‘उंदीर’ म्हणत, भाडे वसूल करणाऱ्या घरमालकाला ‘गिधाड’ म्हणत, आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या खोट्या बातम्यांच्या पत्रकाला ‘बदक’. छापखान्यांतही हीच तऱ्हा होती. शाईच्या पाटापासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून पाटापर्यंत दिवसभर येरझाऱ्या घालणारा छपाईवाला हा ‘अस्वल’, आणि खणांतून अक्षरांचे खिळे टिपून घेण्यासाठी हात सारखा चालवणारा जुळारी हा ‘माकड’. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने १८३७ साली छापलेल्या एका कादंबरीच्या सुरुवातीलाच ही दोन्ही नावे कारणांसह नोंदवून ठेवली आहेत. आपल्या बोलण्यातही बगळाभगत आहे, नंदीबैल आहे, शिंगे मोडून वासरांत शिरणारा आहे. त्यामुळे मराठी माणसाला यात परके वाटावे असे काही नाही.

ग्राँव्हिलने या शब्दांवर विश्वास ठेवला, आणि इथे माझ्या मते तो इतर व्यंगचित्रकारांपासून वेगळा होतो. आपण एखाद्याला गाढव म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर गाढव नसते, तो माणूस असतो; गाढवाचे नाव तेवढे वापरले जाते. ज्या जनावराने आयुष्यभर ओझी वाहिली त्याच्या माथी आपण माणसाचा मूर्खपणा मारतो, जे डुक्कर आपली घाण खाऊन गाव स्वच्छ ठेवते त्याच्या माथी आपला हावरटपणा मारतो, आणि प्राण्याला त्याचा पत्ताही नसतो. ग्राँव्हिल मात्र गाढव काढायला बसला की खरे गाढव काढत असे. कानाच्या आतले केस, नाकपुडीची कड, डोळ्यावरची ती झोपाळू पापणी, हे सगळे निसर्गशास्त्राच्या पुस्तकात शोभेल इतके अचूक असे. मग तो त्याला माणसाचा कोट घाले. आणि गंमत करायला निघालेले ते चित्र हळूहळू पालटू लागे, कारण इतक्या मनापासून काढलेल्या प्राण्याला शिवी म्हणून वापरता येत नाही. शिवी कोटाला चिकटते, कोट घालायला लावणाऱ्या समारंभाला चिकटते. प्राण्याच्या अंगावरून ती ओघळून जाते. त्याची चित्रे पुन्हा पुन्हा पाहावीत असे मला वाटते त्याचे कारण हे आहे.

मधल्या काही वर्षांत तो राजकारणात उतरला. १८३० च्या जुलै क्रांतीनंतर लुई-फिलिप राजा झाला, आणि त्याच वर्षी शार्ल फिलिपों याने ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक काढले. व्यंगचित्रकार दोमिए आणि ग्राँव्हिल हे त्यातले मोठे हात. फिलिपोंने राजाचा चेहरा टप्प्याटप्प्याने नासपतीत बदलत नेला आणि ती नासपती पॅरिसच्या भिंतींवर पोरांनी खडूने काढली. दोमिएला १८३२ मध्ये एका चित्रासाठी तुरुंगात जावे लागले. ग्राँव्हिलचे या साप्ताहिकातले ‘पडछाया’ हे चित्र मला या सगळ्यांत जवळचे वाटते. त्यात प्रतिष्ठित गृहस्थ आपापल्या पोशाखात ओळीने उभे आहेत, प्रकाश त्यांच्यावर पडला आहे, आणि त्यांच्या सावल्या मात्र माणसांच्या नाहीत. पोशाख शाबूत आहे, चेहराही शाबूत आहे, आणि तरी प्रकाशाला जे दिसले ते भिंतीवर उमटले आहे. समासातला पेन्सिलीचा शब्द इथे भिंतीवर मोठ्याने लिहिला गेला, असे मला हे चित्र पाहताना वाटते. बाबांना ते पटले नसते.

१८३५ च्या जुलैत राजाच्या मिरवणुकीवर बंदुकांचा भडिमार झाला. राजा वाचला, पण सप्टेंबरमध्ये असे कायदे आले की कोणतेही चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी लागू लागली. ‘ला कारिकात्यूर’ बंद पडले. लेखाला पूर्वपरवानगी नको आणि चित्राला मात्र हवी, यात सत्तेने चित्राला दिलेली एक कबुली आहे. ग्राँव्हिल पुस्तकांकडे वळला.

पुस्तकांकडे वळणे हा तंत्रातलाही बदल होता. शिळाछापाचे चित्र दगडावर स्निग्ध खडूने काढतात आणि ते वेगळ्या यंत्रावर छापावे लागते, म्हणून मजकूर एका पानावर आणि चित्र दुसऱ्या पानावर पडते. त्या काळी इंग्लंडातून फ्रान्समध्ये पोचलेल्या काष्ठकोरीव पद्धतीत बॉक्स नावाच्या कठीण लाकडाचा आडवा छेद घेऊन, त्याच्या गुळगुळीत तोंडावर पोलादी अणीने चित्र कोरत. हा ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा असल्यामुळे तो मजकुराच्या मधोमध बसवता येई आणि दोन्ही एकाच दाबाखाली छापली जात. प्राणी आता वाक्यांच्या मध्ये येऊन बसू लागले. त्यांच्या अंगातही बदल झाला. ‘रूपांतरां’मध्ये धड माणसाचे होते आणि डोके तेवढे प्राण्याचे, आता बहुधा सगळा प्राणीच कपड्यांत आला, हाताच्या जागी पंजा राहिला, पावलाच्या जागी नखे राहिली. मुखवटा घातलेला माणूस निघून गेला आणि प्राणी स्वतः रंगमंचावर आला.

१८३८ साली त्याने ला फोंतेनच्या नीतिकथांना चित्रे काढली. ला फोंतेन हा सतराव्या शतकातला कवी, आणि त्याने १६७८ च्या आपल्या दुसऱ्या संग्रहाच्या आरंभी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की यातला बराचसा भाग आपण पिलपे नावाच्या भारतीय ऋषीकडून घेतला आहे. पिलपे म्हणजे बिदपई, आणि बिदपईच्या गोष्टी म्हणजे आपले पंचतंत्र. ते इराणच्या पहलवी भाषेत गेले, तिथून अरबीत जाताना करटक-दमनकांचे कलीला आणि दिम्ना झाले, मग फारसीत आले, आणि फारसीवरून १६४४ मध्ये फ्रेंचमध्ये. पिंगलक सिंहाच्या दरबारातले दोन कोल्हे इतकी वाट चालून पॅरिसला पोचले. एक गोष्ट मला फार हलवून जाते. ग्राँव्हिल पॅरिसमध्ये या कथांची चित्रे काढत होता त्याच सुमारास, एका फ्रेंच संग्राहकासाठी, लाहोरचा इमाम बख्श हा चित्रकारही त्याच ला फोंतेनच्या कथांची चित्रे काढत होता. दोघांना एकमेकांचे नावही माहीत असण्याचे कारण नाही. कथा इथून निघाल्या, तिकडे फ्रेंच झाल्या, आणि चित्रांसाठी एकदा परत आल्या.

ग्राँव्हिलच्या त्या पुस्तकातले पहिल्या कथेचे चित्र मी अनेकदा पडद्यावर मोठे करून पाहिले आहे. उन्हाळाभर गात राहिलेली सिकाडा, म्हणजे आपल्या रातकिड्यासारखा दिवसभर किरकिरणारा पंखांचा कीटक, थंडीत मुंगीच्या दारी धान्य मागायला आली आहे. तिच्याजवळ गिटार आहे, रस्त्यावर गाणाऱ्या गरीब बाईसारखी ती उभी आहे, आणि बाहेर बर्फ आहे. मुंगी घरधनिणीच्या वेशात दारात उभी आहे. कथेचा तात्पर्यार्थ सगळ्यांना पाठ आहे: जिने साठवले तिला मिळाले, जिने गायिले ती नाचू दे. पण चित्र पाहताना तात्पर्य सुचत नाही. कीटकाचे पाय फार बारीक असतात. ग्राँव्हिलने ते तितकेच बारीक ठेवले आहेत, आणि त्या बारीक पायांवर बर्फात उभे राहणे किती अवघड आहे हेच आधी जाणवते. माणसाचे जाड पाय काढले असते तर चित्र उपदेशाला सोयीचे झाले असते.

त्याचे सर्वात मोठे काम ‘प्राण्यांच्या खाजगी आणि सार्वजनिक आयुष्यातील दृश्ये’. एत्झेल या प्रकाशकाने १८४० ते १८४२ या काळात ते भागाभागांनी काढले आणि मग दोन खंडांत आणले. यातली गोम अशी की चित्रे आधी आणि लेखक नंतर, असा या पुस्तकाचा तोल आहे. बाल्झाक, नोदिए, आल्फ्रेद द म्यूसे, जॉर्ज सांद ही नावे ग्राँव्हिलच्या प्राण्यांभोवती गोळा झाली, आणि स्वतः एत्झेलने स्टाल या टोपणनावाने लिहिले. सांदच्या नावाने छापलेली एक कथा मुळात बाल्झाकनेच लिहिलेली होती. पुस्तकाची सुरुवात पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या प्राण्यांच्या सभेने होते. आजवर माणसांनीच आपल्याविषयी लिहिले, आता आपले आपण लिहायचे, असा ठराव ती सभा करते. हा ठराव वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण तो पिंजऱ्यातल्यांचा ठराव आहे.

त्या उद्यानात ती जिराफ अजून होती. १८४५ पर्यंत ती तिथे जगली. नोदिएने तिच्या नावाने, तिने वाळवंटातल्या आपल्या प्रियकराला लिहिलेले पत्र या पुस्तकात घातले. पॅरिसचे लोक सुटीच्या दिवशी जिला कठड्यापलीकडून पाहून येत होते तिनेच त्यांच्याकडे पाहून घरी काय कळवले, हे त्यांना या पुस्तकात वाचायला मिळाले. बाल्झाकच्या एका कथेत आफ्रिकेतला खरा सिंह पॅरिसला येतो आणि इथे ‘सिंह’ कुणाला म्हणतात हे त्याला पाहावे लागते. दुसऱ्या एका कथेत एका गाढवाला रंगाने पट्टे काढून, त्याची चाल बदलून, नवी जात म्हणून विद्वानांपुढे उभे केले जाते. व्हियार्दोने लिहिलेल्या कथेत टोपाझ नावाचे माकड डागेरच्या छायाचित्रण यंत्राने तसबिरी काढू लागते. हे यंत्र १८३९ मध्ये जगाला कळले होते आणि ही कथा लगेच पुढच्या दोनतीन वर्षांतली आहे. आणि ब्यूटी नावाची इंग्लिश मांजरी आहे, जिला सभ्यतेचे इतके धडे दिले जातात की मांजर असणे हीच तिची चूक ठरते. ब्रिस्के नावाच्या फ्रेंच बोक्यावर तिचे प्रेम बसते आणि तो जिवानिशी जातो. बाल्झाकचा सगळा रोख इंग्लिश शिष्टाचारावर आहे. पण ग्राँव्हिलने काढलेल्या त्या मांजरीचे डोळे मांजरीचेच आहेत, आणि तिच्याविषयी मला जे वाटते ते एखाद्या नावाजलेल्या घरात जखडलेल्या मुलीविषयी वाटावे तसे वाटते.

जिराफाबरोबर चाललेले ज्यॉफ्रॉय सें-इलेर इथे पुन्हा आठवतात. सर्व प्राणी एकाच आराखड्यावर रचलेले आहेत, पक्ष्याचा पंख, घोड्याचा पुढचा पाय आणि माणसाचा हात यांच्यात मुळात तीच हाडे त्याच क्रमाने आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १८३० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दुसरे प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांच्याशी त्यांचा यावरून जाहीर वाद झाला आणि सबंध युरोपने तो कान देऊन ऐकला. बाल्झाकने त्यांना एक कादंबरी अर्पण केली, आणि १८४२ मध्ये आपल्या समग्र कादंबऱ्यांच्या प्रस्तावनेत लिहिले की निसर्गात जशा प्राण्यांच्या जाती तशाच समाजात माणसांच्या जाती असतात. मला यातले तत्त्वज्ञान फारसे झेपत नाही. पण पंखात खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे, हे कळले तेव्हा ग्राँव्हिलच्या पक्ष्याचा कोट बसतो कसा याचे उत्तर मला मिळाले. त्याने मुंढा बरोबर जिथे हाड आहे तिथेच धरला होता.

कवी बोदलेरने १८५७ मध्ये फ्रेंच व्यंगचित्रकारांवर लिहिताना म्हटले की काही उथळ माणसांना ग्राँव्हिल करमणूक वाटतो, मला मात्र तो भीती घालतो. त्याच्या चित्रांत शिरणे म्हणजे जिथे अव्यवस्था पद्धतशीर लावून ठेवली आहे अशा घरात शिरणे. बोदलेरसारख्या माणसाला असे वाटले यात नवल नाही, आणि १८४४ च्या ‘दुसरे जग’ या पुस्तकातली, जिथे ग्रह, यंत्रे, कपडे सगळेच जिवंत होऊन चालू लागते, ती चित्रे मलाही रात्री पाहवत नाहीत. पण प्राण्यांच्या चित्रांविषयी मी त्याच्याशी सहमत नाही. ज्याला बोदलेर अव्यवस्था म्हणतो तिथे मला माप घेतलेले दिसते. भीती वाटते ती प्राणी माणसासारखा दिसतो म्हणून नव्हे, तर माणसाचा कोट त्याला इतका बेमालूम बसतो म्हणून. आणि ज्या कोटावर आपण आपले माणूसपण पेलून धरले होते तो कुणालाही बसू शकतो हे कळते म्हणून.

त्याच्या घरातले दुःख मी थोडक्यात सांगते. पहिल्या पत्नीपासून झालेले दोन मुलगे लहानपणी वारले, १८४२ मध्ये पत्नी गेली, आणि १८४७ च्या आरंभी तिसरा मुलगा गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ मार्च १८४७ रोजी, पॅरिसजवळच्या व्हान्व्ह येथील रुग्णालयात ग्राँव्हिल वारला. तो त्रेचाळीस वर्षांचा होता. प्राण्यांची चित्रे काढून काढून त्याला वेड लागले असे पुढे पुष्कळांनी लिहिले. चार माणसे गमावलेल्या बापाबद्दल असे लिहिणे मला क्रूर वाटते. तीन वर्षांनी, जुलै १८५० मध्ये, पाळीव जनावरांना चारचौघांत क्रूरपणे वागवणे हा फ्रान्समध्ये कायद्याने गुन्हा ठरला. या कायद्यामागे कितीतरी माणसे आणि कारणे होती आणि त्यांत ग्राँव्हिलचे नाव कुणी घेत नाही. पण पॅरिसच्या एका पिढीने गाडीच्या घोड्याकडे पाहण्याआधी कोट घातलेला घोडा पाहिला होता, हे विसरता येत नाही.

गेल्या दिवाळीत मी बाबांना ही चित्रे दाखवली. आता त्यांना सुई ओवता येत नाही, दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण पडद्यावरचे चित्र बोटांनी मोठे करता येते हे त्यांना आवडले. जिराफाच्या कोटाची हकिगत त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि पावसाळी कापड आतून कोंदट होते, जनावराला घाम आला असेल, असे म्हणाले. मग मुंगी आणि सिकाडाचे चित्र आले. कथा त्यांना मी सांगितली नव्हती. ते मुंगीकडे फार वेळ थांबले नाहीत. सिकाडाच्या पाठीवर आले आणि तिथे थांबले.

“हे पंख म्हणजे पांघरूण नाही,” ते म्हणाले. “यातून वारा जाणार.”

मी म्हटले, ती थंडीत मुंगीकडे मागायला आली आहे.

“मग हिला काहीतरी शिवून द्यायला हवं होतं.” त्यांनी चित्र आणखी मोठे केले, चष्मा वर सरकवला, आणि तिच्या पंखाच्या मुळापाशी बोट टेकवून मला विचारले, “हिचा मुंढा कुठे धरायचा?”